तिसऱ्या मजल्याचा फेस

—“तिसऱ्या मजल्यावरूनच येतोय तो फेस, आणि त्या बाईंना म्हणे...” बस, एवढंच ऐकलं मी आणि लिफ्टचं दार लागलं. आता तूच सांग नितेश, कोणाला चैन पडेल? चपला राहू दे तिथेच, आत ये, बाल्कनी इकडे. हं, हीच मशिन. तर लिफ्टमध्ये होती पाचव्या मजल्यावरची दीप्ती, फोनवर बोलत होती. आणि तिसऱ्या मजल्यावर घरं दोनच — एक मी, नलिनी परब, आणि समोर उत्तरा. मी तर असलं काही करणार नाही. मग राहिलं कोण? सोपं गणित रे, दुसरीतलं पोर सोडवेल.

हळू ठोक. समोर ऐकू जाईल.

कसला फेस काय विचारतोस — ही काय खाली, दहिसर नदी. बावीस वर्षं आम्ही तिला नालाच म्हणत होतो, नाकाला पदर लावून. मग गेल्या वर्षी आमचे सेक्रेटरी श्यामकांत म्हणाले, नॅशनल पार्कातून निघते तेव्हा काचेसारखी असते, बोरिवलीत शिरली की आपणच तिची वाट लावतो. झालं — तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला हातमोजे, गमबूट, अख्खी बिल्डिंग नदीत. काय काय निघालं म्हणून सांगू — गाद्या, हेल्मेट, मिक्सरची भांडी, एक अख्खा कमोड. तो चौघांनी खांद्यावरून वर आणला ना, तेव्हा मी अशी शिट्टी मारली — शिट्टी माझ्याकडे असते, मी सी विंगची प्रमुख. मॅट्रिकला दोनदा बसलेली बाई मी, आणि आता इंजिनियर लोक माझ्या शिट्टीवर वाकतात. झकास वाटतं रे, खोटं कशाला बोलू. परवा तर खंड्या आला, निळाजर्द, चिखलातल्या टायरवर बसला, आणि सगळे असे गप्प झाले, जसं काही घरात बाळ झोपलंय.

पण फेस काही हटेना. श्यामकांत म्हणाले, हे वॉशिंग मशिनचं पाणी — लोकांनी मशिनी ठेवल्या बाल्कनीत आणि नळ्या खोचल्या पावसाच्या पाइपात. तो पाइप गच्चीवरून येतो आणि सरळ नदीत जातो. मोरीच्या लाइनचं तसं नाही, ती गटाराला मिळते — तुला काय सांगायचं म्हणा, तू प्लंबर. तर मीटिंगमध्ये मी उठले. हो, मीच. म्हटलं, दिवाळी झाली की एका रविवारी प्रत्येक मजल्याच्या मशिनीत वेगळा रंग टाका आणि खाली उभं राहून बघा कुठला उतरतो. टाळ्या पडल्या. वर म्हटलं, तिसऱ्या मजल्याला दोन रंग द्या, एका घराचं पाप दुसऱ्याच्या माथी नको — आणि उत्तराकडे बघितलं. तिनेही बघितलं. दीड महिना झाला त्याला. तिचं दार बंद, माझं दार बंद. भांडण? छे, भांडण परवडलं असतं. बावीस वर्षांत आम्ही दिवसा दार लावलं नव्हतं रे. माझा सिद्धेश तिच्या हॉलमध्ये चालायला शिकला. पहिलं पाऊल तिने बघितलं, मी नाही.

मग काल मी घरातल्या घरात रंगीत तालीम केली. रंगपंचमीचा गुलाबी रंग उरला होता, ओतला मशिनीत, बटण दाबलं आणि गेले खाली, ऐटीत — काही उतरत नाही हे बघायला. आणि उतरलं ना. हे एवढं गुलाबी, सरबतासारखं, भळाभळा नदीत. खाली एक बगळा उभा होता गरीब, त्याचे पाय गुलाबी. तेवढ्यात श्यामकांत मागे. “परबवहिनी, काय बघताय?” म्हटलं, बगळा. म्हणाले, जरा वेगळा दिसतो. म्हटलं, ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो येतात ना, त्यातला असेल एखादा वाट चुकलेला. तर त्यांनी चष्मा पुसला, वही काढली आणि तारीख-वेळेसकट लिहून घेतलं. मला हसू येतंय, पण वहीत लिहून ठेवलंय ना त्यांनी.

नळी कोणी खोचली? आमच्या ह्यांनी, मशिन आली तेव्हा. मी कशाला बघायला जाते — बरं, बघितली होती. एकदा. पावसाळ्यात कपडे वाळत घालताना. वाटलं, पाणीच तर आहे. दीप्तीचं ऐकलं त्याच्या आधी की नंतर? तू ठोक ना. — आधी. आधी बघितली होती. खुश?

उद्या तो रंगाचा रविवार. शिट्टी गेली तर गेली. पण माझा रंग खाली उतरला आणि उत्तरा शेजारी उभी असली, तर मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?

हळू, म्हटलं ना. — काय म्हणालास? समोरही अस्संच भोक पाडून नळी मोरीच्या लाइनला जोडलीस? तू? कधी? — म्हणजे तिची नळीपण पावसाच्या पाइपातच होती. बघ, मी म्हणत नव्हते? निम्मं तरी खरं निघालं की नाही. कधी म्हणालास? गणपतीच्या आधी.

गणपतीच्या आधी म्हणजे मीटिंगच्या कितीतरी आधी. म्हणजे मी तिथे बोलत होते, आणि ती आपली लाइन कधीच सरळ करून बसली होती. एक शब्द बोलली नाही.

मग तू इकडे कसा? वॉचमनला मी बजावलं होतं, बिल्डिंगचा नको, बाहेरचा प्लंबर आण, गुपचूप. — असं. त्याने तिलाच नंबर विचारला. आणि ती काय म्हणाली? नाही, जसंच्या तसं सांग.

“आजच्या आज कर, आणि माझं नाव काढू नकोस. नलिनीला लाजल्यासारखं होईल.”

पावसाच्या पाइपाच्या भोकाला बूच बसलं? मग अजून एकदा ठोक. हळू कशाला — जोरात ठोक. अजून जोरात, ऐकू जाऊ दे समोर. बस. उचल तुझी हत्यारं, नीघ आता, मला काम आहे. आणि जाताना दार ओढू नकोस. उघडंच राहू दे.