लाईन आली तरी थांबायचं

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत पेपरात वऱ्हाडाची चांगली बातमी सापडायची नाही, म्हणून ही एक मी जपून ठेवली आहे.

अमरावतीच्या कॉलेजात दर शनिवारी मी मुलांकडून इंटरनेटच्या जागतिक नियमांचे कच्चे मसुदे वाचून घ्यायचो. त्यांवर जगातला कोणीही ईमेलने हरकत घेऊ शकतो. पण मुलं म्हणायची, "सर, आपल्याले कोन विचारते?"

एका मसुद्यात होतं, वीज परत येताच प्रत्येक यंत्राने ताबडतोब सर्व्हरशी जोडून घ्यावं. शबाना म्हणाली, "हे चुकीचं हाय सर. अशानं डीपी जळते."

वर्ग हसला. शबाना शेंदूरजनाघाटची, घरी संत्र्याचा बगीचा.

"हसता काहून? लोडशेडिंग संपून लाईन आली का आमच्याकडं सगळेच एकदम मोटर चालू करत. दोनदा डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळला, झाडं वाळाले लागले. तवापासून अब्बानं ठरवून देलं, लाईन आली तरी थांबाचं, मोटर मागंपुढं लावाची. सगळे यंत्रं एकदम जोडले त सर्व्हरचंबी डीपीसारखंच होईन."

म्हटलं, हेच लिहून पाठव. तिने डीपीच्या उदाहरणासकट पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं, हरकत मान्य. पुढे प्रत्येक यंत्राने कमीजास्त वेळ थांबून जोडावं, असा नियम झाला आणि आभारांत शबानाचं नाव छापलं गेलं.

मी आनंदाने तिच्या अब्बांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "जगानं आयकलं, चांगलं झालं सर. आता तो कागद मराठीत करून द्या. आमच्या डीपीवरचे दोघं शेतकरी अजून आयकून नाई राहिले."