नातीचे डोळे, आजीची घागर

नातीचे डोळे आलेले ठरले, तर शिवम्माचा फायदा सरळ होता. सून जगदेवी भावाच्या लग्नाला उदगीरला जाणार नाही, अन् दुष्काळात टँकरचं पाणी तीच भरेल.

"डाक्टरसाब, साथच हाय ना? लग्नात समद्यांना लागंल," दवाखान्यात नातीला पुढं करत शिवम्मा म्हणाली.

"बाळ, खाज येते?"

"लई."

"दर उन्हाळ्यात?"

"हाव."

"मग ही धुळीची ॲलर्जी. कुणाला लागत नाही."

"आत्याबाई, मिटली बघा तुमची काळजी!" जगदेवी सासूला म्हणाली.

"आता आजारबी नवे आले. एसटीत धूळ न्हाई का?" शिवम्मानं डॉक्टरांना विचारलं.

"खिडकी लावा. चोळू देऊ नका, गार पाण्याची पट्टी ठेवा, हे थेंब टाका. काजळ कोण घालतं?"

"आज्जी."

"बंद करा."

संध्याकाळी टँकरच्या रांगेत शेजारीण म्हणाली, "शिवम्मा, आज तू? सून कुठं हाय?"

"पोरीला घेऊन उदगीरला धाडलं तिला, हवापालटाला. माझाच हट्ट होता," म्हणत शिवम्मानं घागर कमरेवर घेतली.