डावखुरा बाहुला

नोटरीकडच्या रांगेत माझ्यापुढे एक बाहुलीकार होता, काखेत नामवंत भौतिकशास्त्रज्ञाचा बाहुला घेऊन. सोबत त्या शास्त्रज्ञांच्या वयस्कर पत्नी.

“याच्या डाव्या हातात पेन का दिलंत? आमचे हे तर उजव्या हाताने लिहायचे.”

“शोधाची मूळ वही बघून दिलं, काकू. ओळीओळीवर तळवा घासून शाई फिसकटलीय. डावखुऱ्यांचंच असं होतं.”

“वही कुणी दाखवली?”

“तुमच्या लेकीने.”

“नसत्या उचापती तिला! हात बदला, नाहीतर यांच्यावरच्या नाटकाची परवानगी विसरा.”

“बरं, बदलतो. परवानगीच्या कागदावर सही तेवढी करा. हे घ्या पेन.”

“द्या. कुठे करू?”

“इथे, खाली. काकू... डाव्या हातात धरलेलं पेन उजव्यात का घेतलंत?”