पळसाचा निवाडा

नाही, नाही, शास्त्रीबुवा, पोथी अजून उघडू नका. आधी गूळपाणी घ्या — देवासहून धारेपर्यंत उन्हातून आलात, घशाला कोरड पडली असेल — मग माझं ऐका, आणि मग काय तो निवाडा करा. दाराआडून बोलते म्हणून आवाज लहान वाटेल, म्हणणं लहान नाही. इकडची स्वारी घरात असती तर मी बोललेही नसते. कचेरीत गेली आहे, दिवेलागणीला येईल, तोवर वेळ आहे. तुम्ही आमच्या विहीणबाईंच्या, यमुनाबाईंच्या घरचे शास्त्री. त्यांनी तुम्हाला धाडलंय ते एवढ्यासाठी, की सरलेनं उखाण्यात नवऱ्याचा अपमान केला की नाही हे ग्रंथ पाहून ठरवा, आणि केला असेल तर तिला आणू नका, राहू दे माहेरी. बरोबर ना? हाँ. म्हणजे माझ्या पोरीचा संसार तुमच्या त्या लाल फडक्यात बांधलेला आहे. असू दे. मला त्या फडक्याची भीती नाही.

तुम्ही बायकांत नव्हतात, म्हणून सांगते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, सगळ्या देवासच्या मानाच्या बायका बसलेल्या, आणि नव्या सुनेला म्हणाल्या, नाव घे. तिनं घेतलं — ‘चाफ्याचा नको सुवास, मोगऱ्याची नको आस, श्रीपादरावांच्या रूपे दारी फुलला पळस.’ झालं. एवढंच. बायका हसल्या, एकीनं वा म्हटलं, आणि मग आमच्या विहीणबाईंच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, त्यांनी विहीणबाईंच्या कानात सांगितलं — अगं, पळस म्हणजे रूप आणि आत काही नाही! कवींनी ठरवूनच ठेवलंय ते. आणि जावईबापू दिसायला देखणे आणि मॅट्रिकला दोनदा नापास! लागली की हो जखमेवर. तिसऱ्या दिवशी मुलगी ट्रंकेसकट माझ्या दारात. रडली नाही. मला विचारते, ‘आई, पळस वाईट असतो का गं?’ — चौदा वर्षांची पोर, तिला काय सांगायचं मी?

आता तुम्ही हसू नका, मी बायकामाणूस, अलंकारशास्त्र शिकले नाही. पण तुमच्या कवींना एक विचारायचंय. पळस कुठून पाहिला त्यांनी? डोंगराच्या पलीकडून? तांबडा दिसला, वास आला नाही, चला, पुढचा श्लोक! कमळ दिसलं की मुखडा, चंद्र दिसला की चकोर, नि पळस दिसला की मूर्ख — एकानं म्हटलं, दुसऱ्यानं उतरून घेतलं, हजार वर्षं उतरूनच घेताहेत. खाली उतरून कुणी पान तोडलं का? मी तोडलंय. चातुर्मासात पळसाच्या पानावर जेवायचं व्रत आहे माझं, नऊ वर्षं झाली. बाग गावाकडची एक भिल्लीण भारे आणते, ती खाखरा म्हणते त्याला, मी हिराच्या काडीनं पत्रावळी लावते, नि सरला माझ्या मांडीशी बसून लावायला शिकली — मुळाक्षरं मागून शिकली, पत्रावळ आधी. तिच्या भावाच्या मुंजीत हातात दांडा कशाचा दिला होता? चाफ्याचा? तुम्हीच होमात समिधा टाकता त्या कशाच्या, मोगऱ्याच्या? रंगपंचमीला उभी धार नगरी रंगते ती कुणाच्या फुलांनी? ज्याच्या आत काही नाही ते झाड देव मागून घेतो होय?

दाराआड उभं राहून पाय भरून आले हो. बसते अशी समोर, राग मानू नका.

संवत छप्पनच्या दुष्काळात तुम्ही कुठे होतात? इथे मागच्या अंगणात माझा मोगरा गेला. चाफाही गेला. पाणी प्यायला नाही तिथे फुलाला कुठलं घालू? हातानं उपटली मी वाळलेली काटकी, आणि रडले, खोटं नाही सांगत. आणि फाल्गुनात विहिरीवर रांगेत उभी होते, सरला कडेवर, सात वर्षांची पण अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या, उचलूनच न्यायची — तर समोरचा माळ पळसफुलांनी पेटलेला. ना कुणी पाणी घातलं, ना आळं केलं. पोर म्हणाली, ‘आई, ते बघ, ते नाही मेलं.’ तिच्या पळसाचा अर्थ हा आहे, शास्त्रीबुवा. आहे का तुमच्या पोथीत? बघा, पान उलटून बघा. मी थांबते.

नाही ना?

आणि खरं सांगायचं तर उखाणा तिचा नाहीच. माझा आहे. असे बघू नका. व्रताची कहाणी उतरून ठेवलेली वही आहे ना, तिच्या मागच्या पानांवर मी लिहिते थोडं थोडं. चोरूनच. कारण एकदा उघड दाखवलं होतं, लग्नाला दोन वर्षं झाली होती, चार ओळी होत्या, शेवग्यावर — हो, शेवग्यावर, सकाळी त्याची फुलं अंगणात सांडतात त्यावर. इकडून वाचणं झालं, शाईनं मात्रा मोजणं झालं आणि म्हणणं झालं, ‘शेवगा भाजीत बरा. कमळ का नाही घातलंस?’ वाईट बोलले नाहीत हो, कधीच नाहीत. फार विद्वान, लांबून लांबून लोक येतात भेटायला, बोलायला लागले की ओसरी दरवळते. पण तुमचे कवीच सांगतात ना, की चाफ्याला एवढा सुवास नि भुंगा जवळ जात नाही — ते मात्र अगदी खरं आहे. बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, तू जेवलीस का. पत्रावळीवर जेवले की पितळीत, की जेवलेच नाही. म्हणून मी लिहिलं, चाफ्याचा नको सुवास —

हे काय बोलून बसले मी.

असू दे. आलं तोंडातून ते आलं. परत घेत नाही.

म्हणून तर श्रीपादरावांचं स्थळ मी धरून बसले. इकडून नको म्हणणं होत होतं, मुलगा नापास. पण पाहायला आले होते ना ते सगळे, जेवणं झाली, मोठी माणसं विडे खात बसली, आणि हा मुलगा मागच्या दारी गेला. मी बघते तर भिल्लीण भारा घेऊन आली होती, तिच्या डोईवरचा भारा यानं उतरवला, आणि ‘मावशी, पाणी प्यायलीस का?’ विचारून घागर वाकडी केली. कुणी पाहतंय हे ठाऊक नव्हतं त्याला. त्याच दिवशी मी वहीत त्या दोन ओळी लिहिल्या, आणि सरलेला शिकवून धाडल्या. अपमान म्हणे! मला जगात त्याहून मोठं नाव त्याला देता आलं नसतं. आणि आमच्या घरच्या विद्वानांनी विहीणबाईंचं पत्र वाचलं आणि मान डोलावली — ‘अर्थ तसाच निघतो.’ पोटच्या पोरीचा संसार मोडतोय, आणि म्हणे अर्थ तसाच निघतो!

आता एकच सांगा. तुम्ही, विहीणबाई, अक्का, हे — एवढे सगळे अर्थ लावत बसलात, ज्याच्या नावानं उखाणा होता त्याला कुणी विचारलं? श्रीपादरावांना? नाही?... सरला सांगते, दाराशी उभे राहून ऐकलं होतं त्यांनी. बायका हसायच्या आधी तेच हसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीबाहेरून पळसाची डहाळी आणून तिच्या पाण्याच्या तांब्यात ठेवली. मॅट्रिक नापास मुलाला जे कळलं ते तुम्हाला कळायला पोथी लागते होय?

राहू दे. तुम्ही लिहूही नका काही. लिहिलंत तर मुख्य ते काढून घ्याल आणि मात्रा ठेवाल. मीच येते. हो, आजच. इकडच्या स्वारीसाठी चिठ्ठी ठेवते देवापाशी, भात झाकून ठेवते. विहीणबाईंपुढे वही ठेवीन, म्हणेन, ओळी माझ्या, राग धरायचा तो माझ्यावर धरा, आणि मुलाला हाक मारा.

सरले, ट्रंक भर. आणि शास्त्रीबुवा, मागे आम्ही दोघी बसणार — तुम्ही पोथी सांभाळून पुढे टांगेवाल्याशेजारी बसा.