तेरावी काडी

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाचं तोंड कधी काड्यांनी मोजतात का? आमचं मोजतात. शहाऐंशी साली तंबाखूने गालात कॅन्सर केला, मुंबईला तेहतीस वेळा लाईट दिली, म्हणजे किरणांचा शेक हो, कॅन्सर गेला... आणि जाताना जबड्याला कुलूप लावून गेला. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "हे बघा लीलाधरभाऊ, आईसकांडीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज तीनदा, हळूहळू एकेक वाढवायची." आता धरणगावात भर थंडीत काड्या आणायच्या कुठून? गेलो जब्बारच्या आईसकांडीच्या कारखान्यात. तो म्हणतो, "चाचा, बिना कांडी की काडी? ले जाव." मूठभर दिल्या बिचाऱ्याने. सहा वर्षं झाली, दातांत काड्या धरून बसतोय. बारा जातात, तुम्हाला सांगतो, तेरावी काही जात नाही.

बरं, लाळ आटलेली, म्हणजे घासागणिक पाण्याचा घोट. अर्ध्या भाकरीला सव्वा तास. दाढ ठणकली की जो तो शहाणा, "उपटून टाका ना भाऊ." अहो, लाईट दिलेल्या जबड्यातली दाढ उपटली तर जखम भरत नाही, हाड सडतं, हे डॉक्टरने मला तीनदा बजावलंय आणि मी गावाला तीनशेदा. ऐकतंय कोण?

तेही चाललं असतं हो. पण आमच्याकडे रीत आहे, पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. चार वर्षांपूर्वी उखर्डूच्या मळ्यात भरताची पार्टी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, वर कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी... सगळ्यांचं वीस मिनिटांत उरकलं. मी तिसऱ्या घासावर. तीस माणसं खरकटे हात वाळवत माझ्या तोंडाकडे बघतायत, मागे दुसरी पंगत ताटकळतेय, आणि उखर्डू दर पाच मिनिटांनी सगळ्यांना, "बसा रे बठ्ठा, भाऊनं व्हऊ द्या." घास उतरेल का असा? शेवटी अर्ध्या पानावरच पाणी प्यायलो नि उठलो, तर साठ गुडघे एकदम वाजले.

पुढच्या वर्षी बोलावणंच नाही. उखर्डू रस्त्यात भेटला, "भाऊ, तुम्ही कसाले तरास लेतस? डबा धाडी देसूत." इतक्या मायेने म्हणाला, शिवी तरी कशी देणार? बायको होती, मंदा, तोवर ती आपलं जेवून झालं तरी बोटाने ताटात रेघोट्या ओढत बसायची माझ्यासाठी. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. मला भरीत नको होतं हो, शेजारी माणसं हवी होती. म्हणून या हिवाळ्यात चंग बांधला, पंधरा काड्यांवर जायचं, चारचौघांसारखं पटापट जेवायचं आणि पंगतीत बसायचं. सकाळी काड्या, दुपारी काड्या, दिवेलागणीला काड्या, कानशिलं ठणकायला लागली... तेरावी काही जात नाही.

परवा पार्टी झाली. मी नवा सदरा घालून ओट्यावर बसलो होतो, न जाणो कोणी हाक मारली तर. हाक नाही, डबे आले. नऊ घरांचे नऊ डबे. प्रत्येकीने भरीत वेगळं वाटून, पातळ करून दिलेलं, द्रौपदाबाईने तर भाकरीही दुधात कुस्करलेली. "भाऊ, गरम आहे तोवर खाऊन घ्या," म्हणाली आणि डबा टेकवून निघाली, तिकडे बायकांची पंगत बसायची होती.

फार एकटं वाटलं. रडलोसुद्धा. लाळ आटली तरी डोळ्यांत पाणी आहे अजून.

मग म्हटलं, असं किती वेळ बसणार? डब्यांवर नावं कोरलेली असतातच आपल्याकडे. भिंतीशी रांगेत मांडले, नावं माझ्याकडे करून. उखर्डू, आधार, रुपचंद, द्रौपदाबाई... नऊच्या नऊ, आणि कडेला माझं ताट. हात जोडले, म्हटलं, मंडळी, सावकाश होऊ द्या.

सव्वा तास लागला. पण तुम्हाला सांगतो, एकालाही घरी जायची घाई नव्हती.