थोरलीच्या पदरावरची बोटं

नसरीन : तोंडाचा रुमाल काढ आधी. माझ्या मेडिकलमधे तोंड बांधून दोनच जातीची माणसं येतात. एक मुरूमवाली, आन्‌ दुसरी उधारीवाली. तू कोणती?

साधना : ही ट्यूब बघा. अशीच अजून एक द्या, ताई. संपली.

नसरीन : कधी आणल्ती?

साधना : तीन आठवडे झाले. जालन्याला गेल्तो, तिथं घेतली.

नसरीन : तीन आठवड्यांत अख्खी? भाकरीला लावून खाल्ली का? काढ रुमाल.

साधना : हसू नका मंग.

नसरीन : हसायला काय... अगं, हे तर भाजलंय. सालपटं निघून राह्यलीत. किती वेळा लावती?

साधना : तीनदा. सकाळी, दुपारी, झोपताना. आग व्हायची. म्हणलं, आग व्हती म्हंजी लागू पडून राह्यलंय.

नसरीन : कोणी सांगितलं?

साधना : मोबाइलवर एक बाई सांगती. तिचं तोंड लई गुळगुळीत व्हतं.

नसरीन : ते मोबाइलनंच गुळगुळीत केलेलं असतं. आता माझं ऐक, माझं तोंड खडबडीत है पण खरं है. ह्या ट्यूबमधे बेन्झॉयल पेरॉक्साइड है. औषध चांगलं. मुरमातले जंतू मारतं. पण तू आणली पाच टक्क्यांची. नव्या माणसानं अडीचपासून सुरू करायचं. आत्ता तर काहीच लावू नको. आग बिलकुल थांबेपर्यंत साधं पाणी आन्‌ बिनवासाची साधी क्रीम. मंग अडीचची, एक दिवसाआड, झोपायच्या आधी एकदाच. तोंड धुवायचं, कोरडं होऊ द्यायचं, वाटाण्याएवढं मलम घ्यायचं. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडायच्या. हात धुवायचे. उन्हात तोंड झाकायचं. फरक दिसायला दीड-दोन महिने जातात, जल्दी करून भागत न्हाई. पोटाशी न्हाई ना?

साधना : न्हाई.

नसरीन : राहिलीस तर आधी डॉक्टरला विचारायचं. आन्‌ कधी डोळे-ओठ सुजले, दम लागला, तर मेडिकलात यायचं न्हाई. सरळ दवाखाना.

साधना : ताई, वाटाण्याएवढं दोघींना कसं पुरंल?

नसरीन : दोघी कोण?

साधना : मी आन्‌ थोरली.

नसरीन : जाऊबाई?

साधना : न्हाई. ह्यांची पहिली बायको. चंद्रकला.

नसरीन : दोन बायका? कोणाच्या घरची तू?

साधना : केदारखेड्याची. झुंबरबाईची सून, कल्याणरावांच्या घरातली. थोरली वारली. दोन वर्षं झाली, तापानं. मला येऊन आठ महिने झाले.

नसरीन : वारली. आन्‌ तिला ट्यूब लागती.

साधना : आमच्यात तसं असतंय. दुसरेपणावर दिली की पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. हा बघा, चांदीचा. तिची डाळिंबी साडी देवाजवळ घडी करून ठेवलीय. घरात नवं काही आलं की आधी तिला. माझी दिवाळीची साडी आधी तिच्या साडीवर टाकली, मंग मी नेसले. कुंकवाचं बोट आधी तिच्या पदराला, मंग मला. त्यामुळं मलम आणलं तव्हा...

नसरीन : आधी तिला.

साधना : बोटं टेकवायचे पदराला. कोणी बघत न्हाई आसं पाहून.

नसरीन : दिवसातून तीनदा?

साधना : मी तीनदा लावायचे ना.

नसरीन : म्हंजी तीन आठवडे तू मेलेल्या बाईच्या मुरमांचा इलाज करून राह्यली.

साधना : तिला मुरूम नव्हते. लई देखणी व्हती म्हणत्यात.

नसरीन : मेल्यावर सगळ्याच देखण्या होतात. चोरून कशाला पण?

साधना : टाक घातला आन्‌ महिन्यात तोंडावर पुटकुळ्या आल्या. आत्या, म्हंजी सासूबाई, म्हणल्या, थोरलीला तू पसंत न्हाई, तिचाच कोप हाय. कोपावर कोणी मलम लावतं का? म्हणून न्हाई सांगितलं. आन्‌ आता तर ती यायलाच लागली.

नसरीन : कोण?

साधना : थोरली. पदरावर बोटं उमटून राह्यलीत. पांढरी. चार-चार बोटं, बाईची. पंधरा दिवस झाले, रोज वाढत्यात. उशीच्या अभ्र्यावर बी एक डाग, तोंडाएवढा. ह्यांचा निळा बनियन हाय, त्याच्या छातीवर बी, कोणी गाल टेकल्यावानी.

नसरीन : बनियनवर गाल तुझाच ना?

साधना : ...माझाच. पण मी पांढरी कुठून?

नसरीन : बोल पुढं.

साधना : मला निजताना वाटतं, मधी कोणीतरी हाय. मी कडेला सरकून निजते, तिला जागा म्हणून. आरशात बघायचं सोडलं. आज चतुर्थी, आत्या देवाला विचाराया आल्यात, साडी घेऊन. आमुशापर्यंत बोटं थांबली न्हाईत तर मला तीर्थपुरीला माहेरी घालणार. कायमची. ह्ये तर काहीच बोलत न्हाईत. त्यांना बी वाटत असंल, आली तर आली.

नसरीन : ही माझी ओढणी बघ. हिरवी है ना? आन्‌ हा काठाला पांढरा पट्टा?

साधना : हो.

नसरीन : माझी भाची आसिफा, तिनं हेच मलम लावून ओढणीला हात पुसले. हे औषध कपड्याचा रंग खातं. लगेच दिसत न्हाई, एक-दोन दिवस जातात. मंग कितीबी धू, रंग येत न्हाई. म्हणून पांढराच अभ्रा घ्यायचा, पांढराच टॉवेल. जालन्याच्या दुकानदारानं सांगितलं न्हाई?

साधना : त्यांनी नुसते पैसे घेतले. म्हंजी... ती बोटं?

नसरीन : तुझी.

साधना : मी माझ्याच बोटांना भिऊन राह्यले?

नसरीन : पंधरा दिवस. आता आत्याला सांग.

साधना : कसं सांगू? त्या रोज दिवेलागणीला त्या साडीपुढं बसत्यात. दार लोटून. हळू आवाजात बोलत्यात. बोटं उमटल्यापासून तर चहा बी तिथंच घेत्यात, दोन कप.

(झुंबरबाई दुकानाची पायरी चढतात. एका हातात प्रसादाची पुडी, काखेत कापडी पिशवी. साधना रुमाल पुन्हा तोंडावर ओढते.)

झुंबरबाई : मी रांगेत हुबी, आन्‌ ही बया हितं. नसरीन, माझ्या बीपीच्या गोळ्या काढ. आन्‌ ही काय घेऊन राह्यली?

नसरीन : बसा मावशी, स्टूल घ्या. तुमच्या घरात भूत शिरलंय म्हणे.

झुंबरबाई : भूत नको म्हणू. सून हाय ती माझी.

नसरीन : बरं, सून. तर सून आलेली न्हाई, मावशी. मलम आलंय. ही ट्यूब. रंग खाती कपड्याचा. ही तोंडाला लावायच्या आधी बोटं पदराला टेकवत होती.

झुंबरबाई : मलमाला बोटं असत्यात का?

नसरीन : सुनेला आहेत. ही ओढणी बघा माझी. आमच्यात टाक न्हाई, थोरली न्हाई, तरी पट्टा पडला.

झुंबरबाई : साधना, हात आण हिकडं.

साधना : आत्या, मी मुद्दाम...

झुंबरबाई : हात आण म्हणले. ही पिशवी धर, नसरीन. साधना, साडी काढ तिची, पदर पसर काउंटरवर. हां. ठेव हात त्या बोटांवर.

साधना : ठेवला.

झुंबरबाई : आता ह्याच्यावर. आता ह्याच्यावर.

नसरीन : बराबर बसून राह्यलाय.

झुंबरबाई : करंगळी भाईर जाती तुझी. हितं बी भाईर गेलीय. तिची सरळ व्हती. मी रोज बघत व्हते आन्‌ माझ्या ध्यानात आलं न्हाई.

साधना : तुम्हीच म्हणल्या व्हत्या, जे काही लावायचं ते आधी तिला.

झुंबरबाई : म्हणले व्हते.

नसरीन : चला, बरं झालं. डोक्याचा ताप गेला.

झुंबरबाई : म्हंजी ती आली न्हाई. एकदा बी?

नसरीन : न्हाई मावशी.

झुंबरबाई : मी बोलायचे, आन्‌ सकाळी नवं बोट दिसायचं. मला वाटलं, आयकून राह्यली. परवा चारातली दोनच उमटली. म्हणलं, निम्मं तर आयकलं तिनं.

नसरीन : काय बोलायच्या?

झुंबरबाई : ते तिचं-माझं. तू गोळ्या काढ.

साधना : आत्या, मंग मला तीर्थपुरीला...

झुंबरबाई : कशाला? जिला तू पसंत नव्हती, ती आलीच न्हाई. मला कोण इचारतंय. घडी घाल साडीची.

साधना : घातली.

झुंबरबाई : हिकडं बघ. रुमाल काढ तोंडाचा. डोळ्याखाली काय झालंय हे?

साधना : काही न्हाई. मलम जास्त झालं.

झुंबरबाई : सूज हाय का गं ही, नसरीन?

नसरीन : थोडी है. मघाशी मी गालच बघितले, ही नीट दिसली नव्हती. मलम बंदच ठेवायचं. पण मी मेडिकलवाली, डॉक्टर न्हाई. कातडीच्या डॉक्टरला आजच दाखवलं तर चांगलं.

झुंबरबाई : जालन्याची यष्टी कितीला हाय?

नसरीन : दहा मिनिटांत येईल. गेली तर जीप है.

साधना : आत्या, जालन्याला कशाला? उगी खर्च. दोन दिवस पडून राहिलं की उतरंल आपोआप.

झुंबरबाई : ऊठ. तिच्या तापाला मी बी हेच म्हणले व्हते.