सहावं मशीन

मुकुंद सरांच्या क्लासमधले सगळे, काकू, आणि खालचं कापड दुकान बंद करून वर आलेली मंडळी. मला बोलायची सवय नाही. सरांबद्दल बोलणं तर अजूनच अवघड. म्हणून लिहून आणलंय, कागद बघून बोलते.

या कागदावर आज सकाळपर्यंत एक नाव होतं. ते मी खोडलंय. का, ते सांगते.

सर मंगळवारी गेले. गुरुवारी मी क्लासची चावी घेऊन इथे आले. नव्या बॅचसाठी सहा मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, लिनक्स टाकायचं, त्यावर सर्व्हर, डेटाबेस, वेब ॲप बनवायला लागणारं सगळं बसवायचं, हे काम सर दर वेळी स्वतः करायचे. पाच मशीन झाली होती. सहावं अर्धं होतं. मी ते पुरं करायला आले होते.

ते पुरं झालेलं होतं.

कोणी केलं? पासवर्ड तिघांना माहीत. सर, मी आणि इरफान. सर नव्हते. मी नव्हते.

मशीनला दिलेल्या प्रत्येक हुकुमाची नोंद राहते. मी ती वाचली. बुधवार, दुपार. सरांच्या बाजारभावाच्या ॲपचं अख्खं फोल्डर कॉपी झालेलं. दोन वर्षांचं काम. माणूस जाऊन एक दिवस झाला होता.

आणखी एक. मालकाच्या हक्काने हुकूम द्यायचा, तर आधी 'सुडो' लिहावं लागतं. इथे सात वेळा 'सुधा' लिहिलेलं. सात वेळा मशीन म्हणालं, असा हुकूम नाही.

सुधा हे काकूंचं नाव. सर वर्गात म्हणायचे, "घरात सुधाला विचारल्याबिगर काही हलत न्हाई, इथं सुडोला." यावर सगळ्यात मोठ्यानं इरफान हसायचा. मला वाटलं, चोरी करतोय आणि वर चेष्टाही करतोय. मी या कागदावर त्याचं नाव लिहिलं.

संशय घ्यायला सरांनीच शिकवलं ना? नेटवरची ओळ उचलून चिकटवली, की ते मागे येऊन उभे राहायचे.

"कुणी लिहिलं हे? तुझ्या मावशीनं?"

"नाही सर."

"मंग कुणाच्या भरवशावर मशीन सोडून राह्यलीस?"

आणि हुकूम देण्याआधी, आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, हे दर वेळी मशीनला विचारायला लावायचे. "आधी बघ कुठं उभी हाईस. मंग बोल."

त्या नोंदीत तेही होतं. प्रत्येक हुकुमाआधी. न चुकता. इरफान हे कधीच करत नाही, रोज बोलणी खायचा. मला ते दिसलं होतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण चोर कोण, हे मी आधीच ठरवलं होतं.

आज सकाळी काकूंना विचारलं, बुधवारी वर कोण आलं होतं?

"अगं, मीच. सोमवारी पोरं येणारेत ना. ह्यांची वही होती, बघून बघून केलं."

"आणि पासवर्ड?"

"ह्यांचे पासवर्ड मलाच पाठ ऱ्हायचे." मग म्हणाल्या, "ते सुधा काही चालंना बाई. वहीत नीट बघितलं तवा कळलं, सुडो हाय ते. इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांनी खरंच माझं नाव दिलंय त्याला."

हे काकूंना विचारूनच इथे सांगते आहे.

वहीतली शेवटची पायरी मी वाचली. 'माझं ॲप टाकून चालवून बघणे.' फोल्डर त्यासाठी कॉपी झालं होतं. तरी मी सहावं मशीन सुरू करून तपासलं. ॲप चालतं.

इरफान, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. माझ्याशी तू नेहमीसारखाच बोललास, कारण तुला यातलं काही माहीत नव्हतं. आता माहीत झालं. हा कागद तुझ्याकडे ठेव. खोडलेलं नाव वाचता येतं. माझं चुकलं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. आधी बघू, कुठं उभे आहोत.